नापासाचा रकाना

लष्कराशी माझा संबंध यायचं काहीच कारण नव्हतं. आमच्या घरातलं कुणी फौजेत गेलेलं नाही. माझे वडील तर शाळेतल्या परेडलाही पोटदुखीची चिठ्ठी घेऊन जायचे. मी पुण्यात बारा वर्षं फ्रेंच शिकवलं, मग नवऱ्याच्या कंपनीनं त्याला बंगळूरला हलवलं आणि त्याच्या सामानाबरोबर मीही जे. पी. नगरात येऊन पडले. इथं माझ्याकडे फ्रेंच शिकायला येणारी मुलं सगळी कॅनडाला निघालेली असत आणि व्हिसा हातात पडला की क्रियापदं अर्ध्यावर टाकून पळत. अशात एका लष्करी प्रशिक्षण केंद्राला चार महिन्यांसाठी फ्रेंच दुभाषी हवी आहे असं कळलं. मी अर्ज केला आणि माझी निवड झाली. दुसरा अर्जच आला नव्हता हे मला नंतर समजलं, तोवर मी घरी बराच भाव खाऊन घेतला होता.

केंद्र येलहंक्याच्याही पुढे होतं. म्हणजे रोज शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं कापायचं. काम असं होतं की एका लहानशा मित्रदेशाला आपल्याकडून रुग्णवाहिका भेट गेल्या होत्या. त्या देशाच्या आतल्या भागात रस्ते जेमतेम, दवाखाने त्याहून जेमतेम, त्यामुळे या गाड्या तिथलं सैन्यच चालवणार होतं. गाड्या दिल्या, आता त्या दुरुस्त करायलाही शिकवू, म्हणून तिथले नऊ सैनिक आपल्याकडे आले होते. त्यांना फ्रेंच येत होतं, शिकवणाऱ्यांना येत नव्हतं. मधे मी.

केंद्राचे प्रमुख कर्नलसाहेब होते. देखणे, सदा प्रसन्न, आणि ‘मैत्री’ हा शब्द ते इतक्यांदा वापरत की पहिल्या आठवड्यात मी त्यासाठी वेगवेगळे फ्रेंच शब्द शोधून दमले. शिकवायचे ते सुभेदारसाहेब, आमच्या मिरजेकडचे. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं होतं. त्यांच्या हातात मात्र पाना कधी दिसला नाही, दिसायची ती तक्त्यावर फिरवायची छडी.

वर्गाच्या मधोमध, चौथऱ्यावर, एक कापलेलं डिझेल इंजिन होतं. आतलं दिसावं म्हणून त्याचं पोट उघडं ठेवलेलं आणि समजायला सोपं जावं म्हणून रंगवलेलं. डिझेलच्या नळ्या पिवळ्या, पाण्याच्या निळ्या, ऑइलच्या तपकिरी, धुराच्या लाल. हे इंजिन सुरू होत नसे, कारण ते कापलेलं होतं. सुरू होणारी एक रुग्णवाहिका शेडमध्ये होती, पण तिच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. समारोपाला पाहुण्यांसमोर ती उभी करायची होती, तेव्हा तिला ग्रीसचे हात लावायला बंदी होती. एकूण काय, तीन महिने नऊ माणसं इंजिनाभोवती बसून इंजिनाचे रंग वहीत उतरवत होती.

मला हे सगळं फारच आवडत होतं, हे कबूल करायला हवं. मंजूर झालेला अभ्यासक्रम मला पाठ झाला होता. जेवताना मी नवऱ्याला इंधनप्रणाली समजावून सांगे आणि तो बिचारा वरणभातात लक्ष घालून बसे. दर शनिवारी तोंडी चाचणी व्हायची. सुभेदारसाहेब प्रश्न विचारायचे, मी तो फ्रेंचमध्ये सांगायची, समोरचा काहीतरी चाचपडत बोलायचा आणि मी त्याचं छान, मुद्देसूद उत्तर करून सुभेदारसाहेबांना द्यायची. सुरुवातीला दया म्हणून केलं. नंतर सवय लागली, आणि खरं सांगायचं तर उत्तर बरोबर आल्यावर कर्नलसाहेब जी मान डोलवायचे, ती मला माझ्यासाठीच वाटायची. नऊ जणांची चाचणी म्हणजे मी एकटीच नऊ वेळा पास व्हायची.

तिसऱ्या महिन्यात त्या देशाचे राजदूत भेटीला येणार असं ठरलं. मग काय, झाडांना गेरू लागला, दगडांना चुना लागला, आणि इंजिनालाही नवा रंग लागला. सुभेदारसाहेब तेव्हा आठ दिवस गावी गेले होते. रंगाऱ्याला कुणीतरी सांगितलं, इंजिन मस्त रंगव. त्यानं मस्तच रंगवलं. फक्त पिवळा रंग लावला पाण्याच्या नळ्यांना आणि निळा डिझेलच्या. सुभेदारसाहेब भेटीच्या आदल्या दिवशी परतले, इंजिनासमोर उभे राहून एकेक नळी निरखत गेले. मग कर्नलसाहेबांकडे जाऊन आले.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, रंग ओला आहे, आता हात लावू नका. भेट झाल्यावर बघू.”

भेट झाल्यावर असं ठरलं की परत रंगवायचं तर रंगाला मंजुरी लागेल आणि त्यापेक्षा भिंतीवरचा तक्ता बदलणं सोपं. पण तक्ता वरून मंजूर होऊन आलेला, त्याला इथं हात लावता येईना. तेव्हा दोन्ही आहे तसंच राहिलं. भिंतीवर डिझेल पिवळं, चौथऱ्यावर डिझेल निळं. सुभेदारसाहेब यापुढे छडी भिंतीवरच ठेवायला लागले आणि इंजिनावर त्यांनी धूळ बसू नये म्हणून चादर घातली. वर्गात कुणी काही विचारलं नाही. मलाही वाटलं, बरं झालं.

विचारलं ते एका सार्जंटनं. नऊ जणांतला हा वयानं सगळ्यात मोठा, चाळिशीचा, कानशिलावर केस पांढरे. शाळेतल्या मुलासारखी दुरेघी वही वापरायचा. एके दिवशी कर्नलसाहेब वर्ग पाहायला आले होते. त्यांना दाखवायला चादर काढलेली होती. सार्जंट उठला, इंजिनापाशी गेला आणि पिवळ्या नळीवर बोट ठेवून ते सरकवत नेलं. बोट थेट रेडिएटरला जाऊन थांबलं. मग वळून तो मला म्हणाला, “यांना विचारा, डिझेल रेडिएटरमध्ये कशासाठी जातं?”

कर्नलसाहेब माझ्याकडे बघत होते. सुभेदारसाहेब जमिनीकडे बघत होते. मी इंग्रजीत म्हणाले, “सर, ते म्हणताहेत की इंजिन रंगवल्यामुळे समजायला फार सोपं जातं.”

कर्नलसाहेब खूश झाले. त्यांनी सार्जंटच्या खांद्यावर थाप मारली. सार्जंट त्या थापेकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. आपल्या प्रश्नाला खांद्यावर थाप मिळत नसते एवढं कळायला त्याला इंग्रजी यायची गरज नव्हती.

दुपारी मेसच्या व्हरांड्यात तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ओरडला असता तर मी सांभाळून घेतलं असतं. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, शनिवारच्या चाचण्या तुम्हीच देता ना?”

मी काहीतरी बोलायला लागले, भाषांतरात असं करावं लागतं वगैरे. त्यानं मला पूर्ण बोलू दिलं. मग सांगितलं. त्याच्या तळापासून दवाखाना चार तासांवर आहे. पूर्वी तिथं एक जुनी रुग्णवाहिका होती. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीला बाळंतपणासाठी तिच्यातून नेलं. वाटेत गाडी धक्के खायला लागली, चालकानं डिझेलचा फिल्टर बदलला, आणि त्यानंतर गाडी सुरूच झाली नाही. स्टार्टर मारून मारून बॅटरी संपली. मागून दुसरी गाडी यायला दिवस गेला. बाळ वाचलं. ती नाही. भाची त्याच्याच घरी असते. आता त्याच रस्त्यावर आपण दिलेली नवी गाडी धावणार होती, आणि ती बंद पडली तर तळावर शिकलेला माणूस म्हणून हा एकटाच.

“फिल्टर बदलल्यावर हवा काढायची, हे वाक्य मला तुमच्यामुळे पाठ आहे,” तो म्हणाला. “हात कुठं घालायचा ते माहीत नाही. मला पास व्हायचं नाही. मला इथं ठेवून घ्या आणि शिकवा. अंतिम परीक्षेत मी जे बोलेन तेच सांगाल?”

मला स्वतःची लाज वाटली. मी हो म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी टेबलामागे कर्नलसाहेब आणि सुभेदारसाहेब बसले होते. कर्नलसाहेबांपुढे निकालाचा छापील कागद होता. मी त्यांच्या शेजारीच बसले असल्यानं तो मला नीट दिसत होता. नाव, हुद्दा, मग ‘उत्तम’, ‘अत्युत्तम’, ‘विशेष प्रावीण्य’, शेवटी शेरा. संपला कागद. सार्जंटची पाळी आली. सुभेदारसाहेबांनी विचारलं, फिल्टर बदलल्यावर इंजिन सुरू होत नाही, काय कराल?

सार्जंट म्हणाला आणि मी एकही शब्द इकडचा तिकडे न करता सांगितलं, “मला करता येत नाही. मी ते कधी पाहिलेलं नाही. कृपा करून मला नापास करा.”

 मग कर्नलसाहेब हसले. मनापासून हसले. म्हणाले, “बघा सुभेदारसाहेब, याला म्हणतात नम्रपणा. आपली मुलं दोन पानं वाचून तज्ज्ञ होतात. असाच माणूस पुढे इन्स्ट्रक्टर होतो.” आणि त्यांनी ‘विशेष प्रावीण्य’वर खूण करून शेऱ्यात लिहिलं, इन्स्ट्रक्टर होण्यास योग्य.

मी म्हणाले, “सर, ते खरंच सांगताहेत. त्यांना येत नाही.”

“मॅडम,” कर्नलसाहेब प्रेमानं म्हणाले, “मित्राला कुणी नापास करतं का?”

मी सुभेदारसाहेबांकडे पाहिलं. ते आपलं काळं नख बघत बसले होते. बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. तुम्हाला येतं ना सगळं, मग शिकवलं का नाहीत, असं तोंडावर विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “ताई, बर्फातल्या चौकीवर मी अंधारात, हातमोजे काढून गाड्या चालू केल्यात. इथं आलो तर हातात छडी दिली. नऊ वर्षं झाली. तिकडं गाडी बंद पडली तर आपलं नाव जातं, पण ते कळायला वेळ लागतो. इकडं कुणाला नापास केलं तर त्याच संध्याकाळी जातं.”

परतीच्या विमानाला अजून आठ दिवस होते. ते सहलींसाठी राखून ठेवलेले. म्हैसूरचा राजवाडा, एक मॉल, दुसरा मॉल. सार्जंट खोलीवर बसून राहिला. परीक्षेच्याच संध्याकाळी घरी जाऊन मी हे सगळं आमच्या घरमालकीण अक्कांपाशी ओकले. अक्का म्हणजे इथल्या जुन्या मराठी घरातल्या, कैक पिढ्या बंगळुरातच राहिलेल्या, भाजीवाल्याशी कन्नड आणि देवाशी मराठी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “एवढंच ना? माझ्या भावाचा पीण्याला, त्या कारखान्यांच्या भागात, जनरेटरचा वर्कशॉप आहे. त्याच्याकडे ने की त्याला. दिवसभर तो हेच करतो.”

परदेशी सैनिकाला केंद्राबाहेर न्यायचं तर परवाना लागतो आणि सोबत केंद्राचा माणूस लागतो. परवान्यात कारण म्हणून ‘सांस्कृतिक भेट’ एवढाच पर्याय होता. मी लिहिलं, ‘सांस्कृतिक भेट – पीण्या’. कर्नलसाहेबांनी सही करताना विचारलं, तिथं कुठलं देऊळ आहे. सुभेदारसाहेब म्हणाले, “जुनं आहे, सर. सोबत मी जातो.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं.

अक्कांचे भाऊ, आम्ही सगळे अण्णाच म्हणायला लागलो, साठीचे, कपाळाला गंध, हाफ पँट, हात कोपरापर्यंत काळे. शेडमध्ये तीन-चार डिझेल इंजिनं उघडी पडलेली. एकाही नळीला रंग नव्हता. सगळं सारखंच काळं. सार्जंट दारातच थबकला आणि पहिल्यांदा मी त्याच्या चेहऱ्यावर भीती पाहिली.

“किती दिवस शिकतोय म्हणे?” अण्णांनी विचारलं.

“साडेतीन महिने झाले.”

“इंजिन आहे ना तिथं?”

“आहे. कापलेलं.”

“अय्यो. चालत नाही ते?”

“नाही.”

अण्णांनी सुभेदारसाहेबांकडे एक नजर टाकली. “सरी, बरं,” ते मला म्हणाले. “स्वल्प मागं व्हा, अम्मा. साडीला लागेल.”

त्यांनी एक इंजिन सुरू केलं, मग मुद्दाम फिल्टर काढून परत बसवला. इंजिन बंद. स्टार्टर मारला, नुसतं घरघरलं. मग त्यांनी दहा नंबरचा पाना घेतला, फिल्टरच्या डोक्यावरचा एक लहानसा स्क्रू सैल केला आणि शेजारचा पंप हातानं दाबायला लागले. स्क्रूतून फेस आला, बुडबुडे आले, हळूहळू बुडबुडे थांबले आणि निखळ डिझेल वाहायला लागलं. स्क्रू आवळला, स्टार्टर मारला. इंजिन लागलं. मी घड्याळ पाहिलं होतं. सहा मिनिटंही लागली नव्हती.

सार्जंट इंजिनाकडे बघत होता. “एवढंच?” असं त्यानं विचारलं. मला वाटलं मी भाषांतर करावं, पण विचारलेलं आम्हा कुणाला नव्हतंच. तो शेडच्या मागे गेला. अण्णांनी मला खुणेनं थांबवलं, इंजिन बंद केलं आणि फिल्टर पुन्हा उघडून ठेवला. तो परत आला तेव्हा त्यांनी पाना त्याच्या हातात दिला.

“आता तूच कर म्हणून सांगा त्याला.”

पहिल्यांदा त्यानं भलताच स्क्रू सैल केला आणि डिझेल त्याच्या गणवेशावर उडालं. दुसऱ्यांदा बुडबुडे थांबायच्या आधीच आवळला. माझं भाषांतर कुणालाच लागेना, कारण सुभेदारसाहेबांनी बाह्या वर सारल्या होत्या आणि ते त्याच्या हातावर हात ठेवून दाखवत होते, अस्सल मिरजेच्या मराठीत, आणि त्याला सगळं समजत होतं. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. सुभेदारसाहेब एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, सुटला हो धूर,” आणि त्यांचे डोळे भरले होते.

पुढचे सहा दिवस आम्ही रोज त्याच देवळात गेलो. अण्णा रोज सकाळी एक इंजिन नव्यानं बिघडवून ठेवायचे आणि चहा प्यायला निघून जायचे. सहा दिवसांत सार्जंटनं वहीत एकही ओळ लिहिली नाही. निघताना अण्णांनी तो दहा नंबरचा पाना कागदात गुंडाळून त्याला दिला.

समारोप थाटात झाला. कर्नलसाहेबांनी निकाल शंभर टक्के लागल्याचं सांगितलं, मी त्याचं भाषांतर केलं, टाळ्या झाल्या. सार्जंटनं प्रमाणपत्र घेताना हात पुढे केला तेव्हा त्याच्या नखांत काळं होतं. साहेबांनी हस्तांदोलन करून हात हळूच रुमालाला पुसला. रुग्णवाहिका मैदानावर आणताना एकदा बंद पडली, पण ती ढकलत आणली आणि ढकलणाऱ्यांचेही फोटो निघाले.

पुढच्या तुकडीला मला बोलावलं नाही. आता फोनमधलं अॅप भाषांतर करतं म्हणे. सुभेदारसाहेबांनी सांगितलं की त्याला सांभाळून बोलणं जमत नाही, त्यामुळे वर्गात प्रश्नच घेणं बंद केलंय.

वर्षभरानं सार्जंटची ईमेल आली. कर्नलसाहेबांचा शेरा तिकडे फार गांभीर्यानं घेतला गेला होता. त्याला तळावरून उचलून राजधानीत इन्स्ट्रक्टर केलं होतं. मी वाचता वाचता हबकले. ज्या एका रस्त्यासाठी तो शिकला, तिथून त्याला काढण्यासाठीच आम्ही त्याला विशेष प्रावीण्य दिलं होतं. आणि शिकवायला म्हणून, मैत्रीखातर, आपल्याकडून एक कापलेलं इंजिन तिथं भेट पोचलं होतं. रंगवलेलं.

पण पत्र तिथं संपत नव्हतं. खाली दोन फोटो होते. पहिल्यात ते इंजिन. त्यानं आणि त्याच्या शिकाऊ मुलांनी तारेच्या ब्रशनं सगळा रंग खरवडून काढला होता, पिवळा, निळा, लाल, सगळा, आणि वरून जुनं ऑइल फासलं होतं. दोन नळ्यांत आता काहीच फरक ओळखू येत नव्हता. वर्ग त्यानं फक्त आठवड्याचे दोन दिवस ठेवला होता. बाकीचे दिवस तो मुलांना घेऊन आपल्या जुन्या तळावर जात होता, त्या रस्त्यावरच्या गाडीपाशी.

दुसऱ्या फोटोत निकालाचा कागद होता. छापील नव्हता, दुरेघी वहीच्या पानावर हातानं आखलेला. उत्तम, अत्युत्तम वगैरे काही नव्हतं. एक रकाना ‘येतं’, एक ‘येत नाही’. दुसऱ्यात दोन नावं होती. खाली त्यानं लिहिलं होतं, “हे दोघे नापास आहेत, म्हणून ते अजून माझ्याजवळ आहेत. सोमवारी गाडी वाटेत बंद पडली. आत एक बाई होती. हवा यातल्याच एकानं काढली. मी फक्त पाना दिला.”